शहराचा ऑर्केस्ट्रा नेमका कुणाचा? मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा, तिथले कोरस आणि खान्देशातून दिसणारं चित्र

(जळगावात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

पंख्यांचा आवाज येतोय, पण ते बंद केले तर तुम्ही उठून जाल. तेव्हा राहू द्या, आम्हीच जरा मोठ्यानं बोलतो.

आजच्या विषयाची पाटी लागली आणि दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, ‘ऑर्केस्ट्रा किती वाजता सुरू होणार? गायिका कोण आहे?’ (हशा) हसू नका. चूक त्यांची नाही. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेज, निवेदक, एक किशोरकुमार, एक लता, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि पुढं खुर्च्या. शब्दानं आपल्याकडे येऊन हा अर्थ घेतला आणि तो इथं नांदतोय. आज बोलायचंय ते मात्र दुसऱ्या ऑर्केस्ट्राबद्दल: सत्तर-ऐंशी माणसं, व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत तंतुवाद्यं, बासरी-ओबो-क्लॅरिनेट-बसून, पितळी वाद्यं, तालवाद्यं, आणि प्रत्येकाच्या समोर स्टँडवर एक कागद. तो कागद लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा इतिहास एरवी कसा सांगितला जातो? मुंबईत एक पारशी कुटुंब होतं, वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे, त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला. मुलगा झुबिन 1936 साली जन्मला, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. मध्ये बराच काळ काही नाही. मग 2006 साली एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला आणि इतिहास पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट खोटी नाही. पण आमची तिच्यावर हरकत आहे. ही निर्वाहकांची आणि संस्थापकांची गोष्ट झाली. खुर्चीवर बसून वाजवणारी माणसं कुठून आली आणि ‘मध्ये काही नाही’ त्या काळात ती कुठं गेली, हे ती सांगत नाही. आमच्या मते खरा इतिहास त्या मधल्या रिकाम्या जागेतच आहे.

1935 पासून सुरुवात करू. मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढं बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. त्याच सुमारास, 1934 साली, वॉल्टर कौफमन नावाचा एक ज्यू संगीतकार मुंबईत उतरला होता. युरोपात हिटलरची छाया पडू लागली होती. त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, पुढं आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची ती सकाळची धून, जी ऐकून आपल्या घरी आजी चूल पेटवायची, ती त्याचीच असं मानलं जातं. म्हणजे मध्य युरोपातून आलेल्या माणसाची शिवरंजनीच्या वळणाची धून चोपड्या-पारोळ्याच्या ओसरीवर रोज वाजत होती. मुंबईचं ते जग आपल्यापासून वाटतं तितकं लांब नव्हतं. ज्यूल्स क्रेन नावाचे बेल्जियन निर्वाहक मुंबईतच स्थायिक झाले होते, त्यांच्या पत्नी ओल्गा या पियानोवादक. कार्यक्रम व्हायचे कावसजी जहांगीर हॉलमध्ये. आज तिथं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. चित्रं बघायला जाल तेव्हा एकदा डोळे मिटून उभे राहा.

आता खुर्च्यांवर कोण होतं ते बघू. काही पारशी हौशी मंडळी, काही युरोपियन, सुषिर आणि पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले वादक, आणि मोठ्या संख्येनं गोवेकर. गोवेकरच का? तर पोर्तुगीज राजवटीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या आणि तिथं मुलांना सोल्फेजो, म्हणजे नोटेशन बघून गायला शिकवत. सोबत व्हायोलिन. गरीब घरातल्या मुलाच्याही हाती कागद वाचायची विद्या यायची. ती घेऊन तो मुंबईला यायचा आणि लग्नाच्या बँडमध्ये, ताजमहाल हॉटेलात, मूकपटाच्या थिएटरात, मिळेल तिथं वाजवायचा. ऑर्केस्ट्रासाठी पैसा दिला श्रीमंतांनी, पण हात पुरवले ते या शाळांनी. शहराच्या संगीतजीवनाचं श्रेय वाटताना दुसरा वाटा नेहमी कमी पडतो.

मेहली मेहता 1955 मध्ये इंग्लंडला गेले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवू लागले, तिथून पुढं अमेरिकेला. त्यांच्यामागं मुंबईचा ऑर्केस्ट्रा फार काळ तगला नाही. आता, एका माणसाच्या जाण्यानं जी संस्था विस्कटते ती संस्था होती का, हा प्रश्न कठोर आहे, पण विचारायला हवा. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. मेहनत होती, दर्जाची आसही होती. पण नवा बसूनवाला, नवा हॉर्नवाला तयार करणारी शाळा शहरात नव्हती. कौफमन 1946 मध्ये गेले, इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर काही वादक आणि बराचसा श्रोता गेला. विहिरीला झरा नसेल तर पोहरा कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

गोवेकर वादक मात्र मुंबईतच राहिले आणि फिल्म स्टुडिओत गेले. पन्नाशी-साठीच्या दशकांत मुंबईत रेकॉर्डिंगसाठी साठ-साठ, क्वचित शंभर वादक बसत. संगीतकार चाल द्यायचा, पण त्या चालीभोवती व्हायोलिनचे थर, चेलोचा खालचा स्वर, मुखड्याआधीची पितळी ललकारी लिहायचे ते अरेंजर: सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांची जी भव्यता आपल्याला आठवते ती कागदावर उतरवण्यात सेबॅस्टियन यांचा हात होता. पाटीवर मात्र नाव फक्त संगीतकाराचं. अरेंजरचं नाव आलंच तर बारीक अक्षरात, ‘सहायक’ म्हणून.

म्हणून खान्देशातल्या माणसानं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकलेलाच नाही, हे आम्हाला मान्य नाही. ऐकलाय. यात्रेतल्या तंबूत, टुरिंग टॉकीजच्या फाटक्या पडद्यासमोर, गोणपाटावर बसून ऐकलाय. ‘मुगल-ए-आझम’मध्ये रफीसाहेबांच्या मागं जो कोरस उसळतो तो शंभर जणांचा होता असं सांगतात. तो ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला त्याला बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतला कोरस परका वाटायचं कारण नाही. फक्त हे तेच घराणं आहे, असं त्याला कुणी सांगितलं नाही.

या काळातला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न आमच्या मते अँथनी गोन्साल्विस यांचा. होय, तेच. 1977 च्या त्या गाण्यात अमिताभ ज्यांचं नाव घेऊन अंड्यातून बाहेर येतो ते. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, तो गुरूला केलेला नमस्कार होता. मजोर्डे गावचा हा माणूस. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक जवळपास एकशे दहा. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागांवर बेतलेल्या सिंफनी रचना. स्टुडिओत दिवसभर दुसऱ्यांच्या चाली सजवणारी माणसं त्या संध्याकाळी स्वतःचं संगीत वाजवत होती. आणि मग? प्रयोग पुढं चालू राहिला नाही. मागं ना सरकार होतं ना शेठ. गोन्साल्विस पुढं अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर गावी शांतपणे राहिले. जो ऑर्केस्ट्रा खऱ्या अर्थानं शहरातल्या कामकरी वादकांचा होता, त्याला शहरानं एक-दोन संध्याकाळींपलीकडे आयुष्य दिलं नाही. पुढं ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या खुर्च्याही एकेक करून उचलल्या गेल्या.

इथं एक कडू गोष्ट बोलून टाकू. त्या काळी आपला मराठी रसिक कुठं होता? त्याच्याकडे नाट्यसंगीत होतं, भारत गायन समाज होता, सवाई गंधर्व महोत्सव होता. त्यानं या लोकांना ‘बाजेवाले’ म्हणून सोडून दिलं. केशवराव भोळ्यांनी 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात पियानो, व्हायोलिन आणून दार किलकिलं केलं होतं, पण मराठी रंगभूमी त्या दारातून फार आत गेली नाही. आपल्या जळगावात लहानपणी ज्यांनी मेहबूबखाँकडे पहिले धडे घेतले त्या बालगंधर्वांकडे पुढं ऑर्गन होतं, कादरबक्षांची सारंगी होती, तिरखवाँचा तबला होता. म्हणजे उत्तम साथ होती. पण साथ आणि वाद्यवृंद यांत फरक आहे. साथीत सगळे एका गळ्यामागं चालतात. वाद्यवृंदात प्रत्येकाची वाट वेगळी असते आणि त्या वाटा कुठं भेटणार हे आधी लिहिलेलं असतं. आपली आवड पहिल्या प्रकारावर पोसलेली. त्यात कमीपणा नाही, पण दुसऱ्याचा कंटाळा ‘आपल्या मातीतलं नाही’ म्हणून झाकणं बरं नव्हे.

आता 2006. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. सुरुवातीपासून त्याची पद्धत अशी की मुंबईत राहणाऱ्या वादकांचा गाभा लहान, आणि हंगामाच्या वेळी मोठा भाग कझाकस्तानातून आणि इतर देशांतून येतो. यावर टीका करणं सोपं आहे: नाव इंडियाचं, माणसं बाहेरची. आम्हीही ती टीका पूर्वी केली आहे, आज तेवढ्या जोरात करणार नाही. कारण सांगतो. मेहली मेहतांचा ऑर्केस्ट्रा आणि गोन्साल्विसांचा ऑर्केस्ट्रा, दोन्ही ज्या खड्ड्यात पडले तो खड्डा या लोकांनी ओळखला. आधी तयार वादक आणून शहराला चांगलं ऐकवायचं आणि त्याच वेळी मुलं शिकवायची. 2012 पासून त्यांची अकादमी आहे, तिथं लहान वयापासून रोजच्या शिस्तीचं शिक्षण दिलं जातं. 2015 मध्ये झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ लिहून घेतलं, 2019 मध्ये ते घेऊन ब्रिटनचा दौरा केला. 2023 मध्ये झुबिन मेहतांनी या ऑर्केस्ट्राचं निर्वहन केलं. वडिलांनी सुरू केलेलं काम ज्या शहरात थांबलं, तिथल्याच वादकांसमोर मुलगा सत्त्याऐंशीव्या वर्षी उभा राहिला. हे लहानसहान नाही.

तरी ‘पेशकार’बद्दल एक मत नोंदवतो. त्यात तबला बोलतो तेव्हा ऑर्केस्ट्रा बऱ्याचदा आदरानं ऐकत उभा राहतो. सुंदर क्षण पुष्कळ आहेत, पण नातं शेवटी साथीचंच राहतं. रविशंकरांच्या सतारीच्या कॉन्चेर्टोतही आम्हाला हेच जाणवलं होतं. गोन्साल्विसांनी आणि स्टुडिओतल्या अरेंजरांनी तीन मिनिटांच्या गाण्यात जे एकजीव केलं ते अर्ध्या तासाच्या रचनेत अजून जमायचं आहे. आणि दुसरं, ‘शहराचा’ हा शब्द. नरिमन पॉइंटच्या टोकाला ऑर्केस्ट्रा वाजतो आणि कल्याणच्या माणसाला तो माहीतही नसतो. कल्याणचं असं, तर आपण भुसावळ लाइनवाले कुठं?

इथं कोरसकडे वळतो, कारण आम्हाला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचं होतं.

1956 मध्ये, म्हणजे मेहली मेहता गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत परंज्योती अकादमी कोरस स्थापन केला. ते आकाशवाणीत अधिकारी होते. 1967 मध्ये ते वारले. पण इथं संस्था विस्कटली नाही. कुमी वाडिया यांनी ती हाती घेतली आणि कित्येक दशकं चालवली, परदेश दौरे केले. एक बाई कोरसची निर्वाहक, तेही त्या काळात. ऑर्केस्ट्रा दोनदा बुडाला आणि कोरस तगला, हे कसं? गळ्याला आयात शुल्क लागत नाही. बसून मिळत नाही म्हणून तालीम रद्द होत नाही. बँकेत नोकरी करणारी, शाळेत शिकवणारी माणसं संध्याकाळी येतात आणि गातात. परंज्योतींनी फक्त युरोपची भजनं गायली असंही नाही. त्यांची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना आजही परदेशी कोरस गातात. पन्नासच्याच दशकात सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर काढलं, लोकगीतं चार आवाजांत बसवली.

चार आवाज म्हणजे काय, ते थांबून सांगतो. बायकांचा उंच आवाज, बायकांचा खालचा, पुरुषांचा उंच, पुरुषांचा खर्ज. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. चौघांची ओळ वेगळी. एकाच वेळी गातात आणि त्यातून एक उभं घर तयार होतं. आपल्याकडे समूहगायन नाही का? भरपूर आहे. पोवाड्यात झीलकरी आहेत, भजनात टाळकरी आहेत, अमर शेखांच्या कलापथकानं मैदानं हलवली. सेवादलाची कलापथकं होती. आपल्या अमळनेरच्या सानेगुरुजींची प्रार्थना महाराष्ट्रभर शाळांतून मुलं एका सुरात म्हणत आली आहेत. वसंत देसाईंनी तर हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं. पण हे सगळं एका ओळीतलं. सगळ्यांनी एकच चाल, एकाच पट्टीत. झीलकरी ती ताणतो, पण वाट तीच.

याची किंमत कोण देतं ते आम्ही जळगाव-धुळ्यात पाहिलं आहे. आम्ही काही वर्षं समूहगीत स्पर्धांना परीक्षक म्हणून जात होतो. पट्टी काळी चार किंवा पाच, कारण शिक्षकांना पेटी तिथंच सोपी जाते आणि मुलींना तिथं बरं वाटतं. आठवीतला मुलगा, आवाज फुटलेला. त्याला तो सूर लागत नाही. मग त्याला काय सांगतात? एका शाळेत, नाव कशाला घ्यायचं, आमच्या समोर बाईंनी सांगितलं, ‘तू मागच्या रांगेत उभा राहा, नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ बाई वाईट नव्हत्या, त्यांना गुण हवे होते. आणि गुण आम्हीच देत होतो, गणवेशाला, हातवाऱ्यांना, ‘एकसारखेपणा’ला. त्या मुलाचा खर्ज परंज्योतींच्या कोरसमध्ये लोक शोधत फिरतात. आपण त्याला ओठ हलवायला लावले. तो पुढं कधी गाणार नाही, याची व्यवस्था आपण सातवी-आठवीतच केली.

आणखी एक प्रसंग सांगतो. धुळ्यात एक चाचा भेटले, लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेले. खान्देशात बँडची केवढी हौस आहे तुम्हाला सांगायला नको. हळदीला बँड, वरातीला बँड, नवस फेडायला बँड. त्या बँडची पितळी वाद्यं येतात मेरठहून, आणि रचना बघा: क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, ड्रम. सिंफनी ऑर्केस्ट्रातली दोन घराणी आपल्या गल्लीतून दरवर्षी जातात आणि आपण त्यांच्यावर नोटा ओवाळतो. चाचांनी जुनी वही दाखवली. आत नोटेशन, पाच रेघांचं, शाईनं लिहिलेलं. त्यांचे उस्ताद पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, त्यांनी शिकवलं. आम्ही विचारलं, मुलांना येतं? म्हणाले, ‘कुठं साहेब. आता कीबोर्डवर गाणं डाउनलोड करतात. लग्नसराई चार महिने, बाकीचे आठ महिने काय खायचं? कागद शिकायला वेळ कुणाला आहे.’ गोव्याच्या पोरांकडे होती तीच विद्या. खान्देशात ती होती, एका वहीत, आणि ती वही आता पत्र्याच्या पेटीत आहे.

मग जळगावात सिंफनी ऑर्केस्ट्रा व्हावा का? आम्हाला वाटतं, नाही. होणार नाही, आणि नाही झाला तर काही बिघडत नाही. ऐंशी वाद्यांचा खर्च, वादकांचे पगार, वर्षभराची तालीम, यात मुंबईसुद्धा दोनदा हरली आहे. पण कोरस होऊ शकतो. चार आवाजांचा. त्याला लागतं काय, तर एक खोली, वीस-पंचवीस माणसं, नोटेशन वाचता येणारा एक जण आणि खर्जवाल्या मुलाला मागच्या रांगेतून पुढं आणायची तयारी. आपल्या बहिणाबाईंच्या ओव्या दोन आवाजांत बसतील का, असं कुणी विचारेल. बसतील की नाही ते गाऊनच कळेल. ओवी जात्यावरची, तिला घरघरीचा खालचा सूर मुळातच सोबतीला आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण यानं आपल्या गाण्याचा राग बिघडणार नाही का?) बिघडू शकतो, ताई. भीती रास्त आहे. खालची ओळ चुकीच्या स्वरावर ठेवली तर रागाचा चेहरा पुसला जातो, सलीलदांच्या बरोबरीच्या लोकांचंही कधीकधी तसं झालंय. म्हणून ओळ लिहिणारा राग जाणणारा हवा. अशी माणसं जळगावात आहेत, दोघं तर आत्ता समोर बसलेत.

(प्रश्न: सुरुवात कधी करणार?) पुढच्या रविवारी सकाळी नऊला, याच हॉलमध्ये. धुळ्याच्या चाचांना विचारलंय, वही घेऊन येतो म्हणालेत, बस वेळेवर मिळाली तर. आठवी ते दहावीची मुलं आणा. ज्यांना गाता येत नाही असं शाळेनं सांगितलंय, ती आधी आणा.